बर्लिनमधला आठवडा: दुकानं, बाजार आणि बाटल्यांचा हिशेब

शनिवार

बर्लिनला शनिवारी दुपारी उतरत असाल तर खोलीत सामान टाकल्यावर पहिलं काम एकच, दुकान गाठणं. रविवारी इथली सुपरमार्केट बंद असतात. उशिरा उघडतात किंवा अर्धा दिवस चालतात असं नाही, दिवसभर कुलूप. यामागे थेट राज्यघटना आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम १३९ रविवारला विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण देतं, आणि आजच्या जर्मन घटनेच्या कलम १४० ने ते तसंच पुढे चालू ठेवलं आहे. बर्लिनने २००६ मध्ये सोमवार ते शनिवारच्या वेळा चोवीस तास मोकळ्या केल्या. त्याच कायद्यात नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायची मुभा होती. २००९ मध्ये घटना न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे वर्षातले मोजके, आधी जाहीर केलेले रविवार वगळता शनिवारी रात्री जे घरात असेल त्यावर सोमवार सकाळपर्यंत भागवायचं.

विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर, भाड्याच्या 'सी' विभागात येतो. म्हणून तिकीट 'एबीसी'चं लागतं, शहरातलं नेहमीचं 'एबी' चालत नाही. नॉयक्योल्न भागात राहणार असाल तर सोपा रस्ता म्हणजे एक्स-७ बसने रूडो, आणि तिथून यू-७ मेट्रोने थेट हेरमानप्लाट्झ. स्टेशनांना फाटक नसतं, कोणी अडवत नाही, आणि इथेच नवखा माणूस अडकतो. कागदी तिकीट काढून खिशात ठेवलं म्हणजे झालं असं नाही. फलाटावरच्या किंवा बसमधल्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. शिक्का नसेल तर ते तिकीट विनातिकीटच धरतात आणि दंड ६० युरो. तपासनीस साध्या कपड्यांत असतात. मोबाइलवरच्या तिकिटाला शिक्का लागत नाही, पण ते गाडीत पाऊल टाकण्याआधी घेतलेलं हवं.

पत्ता शोधताना दोन गोष्टी माहीत हव्यात. जुन्या रस्त्यांवर घरक्रमांक एका बाजूने ओळीने वाढत जातात, टोकाला वळतात आणि समोरच्या बाजूने उलटे परत येतात. म्हणजे १२ च्या समोर १३० असू शकतो. कोपऱ्यावरच्या रस्त्याच्या पाटीवर त्या तुकड्यातले क्रमांक लिहिलेले असतात, ते वाचले की उलट दिशेची पायपीट वाचते. दुसरी गोष्ट, बेलवर फ्लॅटचा नंबर नसतो, आडनाव असतं. इमारतही सलग नसते. रस्त्याकडचा भाग, इमारतीच्या आतल्या चौकाच्या कडेचा पंख आणि मागचं घर असे वेगळे जिने असतात. घरमालकाकडून बेलवरचं नाव आणि जिना, दोन्ही लिहूनच घ्यावं. पार्सल मागवलं तर त्यावरही बेलवरचं नाव हवं, नाहीतर ते परत जातं.

आता दुकान. दोन माणसांना दीड दिवस पुरेल असं: ब्रेड, एक लिटर दूध, सहा अंडी, अर्धा किलो दही, कांदे, टोमॅटो, ५०० ग्रॅम 'रोट लिन्झन', म्हणजे आपली मसुराची डाळ, जी इथल्या बहुतेक सुपरमार्केटमध्ये मिळते, आणि तांदूळ. तांदळाच्या पाकिटावर 'मिल्शराइस' लिहिलं असेल तर ते ठेवून द्या. तो खिरीचा चिकट तांदूळ आहे, त्याचा भात मोकळा होत नाही. 'बास्माटी' लिहिलेलं पाकीट घ्या. सोबत भांड्यांचा साबण, कचऱ्याच्या पिशव्या आणि टॉयलेट पेपर, कारण भाड्याच्या घरात यातलं काय असेल याची खात्री नसते. पाणी विकत घ्यायची गरज नाही, नळाचं बिनधास्त प्या. शनिवारी संध्याकाळी सहानंतर ब्रेड आणि पालेभाज्यांचे कप्पे आधी रिकामे होतात, म्हणून चारच्या आसपास उरकलेलं बरं.

गल्ल्यावर वेग लागतो. ट्रॉलीला एक युरोचं नाणं घालावं लागतं, परत लावली की नाणं बाहेर येतं. पट्ट्यावर जड वस्तू आधी ठेवा, कारण त्या आधी पलीकडे येतात आणि पिशवीच्या तळाशी जायला हव्यात. आपलं सामान संपलं की लाकडी किंवा प्लास्टिकची आडवी पट्टी ठेवायची, म्हणजे मागच्याचं सामान मिसळत नाही. बसलेला कॅशियर वस्तू भराभर सरकवतो. त्या वेगाने पिशवीत भरत बसलात तर रांग खोळंबते. सगळं पुन्हा ट्रॉलीत टाकायचं, पैसे द्यायचे, आणि गल्ल्यामागच्या लांब फळीवर निवांत भरायचं. पिशवी घरून न्या. हातात धरायच्या नेहमीच्या पातळ प्लास्टिक पिशव्यांवर २०२२ पासून बंदी आहे, फळं-भाज्यांच्या अगदी झिरझिरीत पिशव्या मात्र चालतात. पावती टाकून देऊ नका. काही दुकानांत स्वतः बिल करायच्या यंत्रांपाशी बाहेरचं फाटक पावतीवरचा बारकोड दाखवल्याशिवाय उघडत नाही.

मोठ्या साखळी दुकानांत आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतं, ५० युरोच्या वर पिन मागतात. लहान दुकानं, बेकऱ्या आणि बाजारात मात्र 'नुअर बार', फक्त रोख. काही ठिकाणी कार्ड घेतात, पण दहा युरोच्या वरच्या खरेदीला. रोख काढायला बँकेच्या शाखेतलं एटीएम गाठा. फुटपाथवर एकटं उभं असलेलं, कोणत्याही बँकेचं नाव नसलेलं यंत्र वेगळं शुल्क लावतं. आणि कुठलंही यंत्र 'रक्कम रुपयांत वळवून देऊ का' असं विचारेल तर नाही म्हणा, युरोतच व्यवहार करा. त्या रूपांतराचा दर तुमच्या बँकेच्या दरापेक्षा बहुतेक वेळा वाईट असतो.

रविवार

रस्ते शांत असतात आणि ती शांतता नियमाने राखलेली असते. ड्रिल, ठोकाठोक, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात फोडणं, हे सगळं रविवारी वर्ज्य. एरवी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेला जे बंधन असतं ते आज दिवसभर.

उघडं काय असतं? बेकऱ्या, पण काही तासच. सकाळी गरम पाव घ्यायला लोक रांगेत असतात. बर्लिनमध्ये साध्या गव्हाच्या छोट्या पावाला 'श्रिप्पे' म्हणतात, सुट्टा मिळतो, मोजून सांगायचा. कॅफे, उपाहारगृहं, संग्रहालयं चालू. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली सुपरमार्केट प्रवाशांसाठी उघडी असतात. मुख्य स्टेशन आणि ओस्टबानहोफ इथे मिळतं सगळं, पण अर्धं शहर तिथेच आलेलं असतं, एका दुधाच्या पिशवीसाठी वीस मिनिटं रांग ठरलेली. कोपऱ्यावरच्या 'श्पेटी' या छोट्या दुकानांची मुळं पूर्व जर्मनीत आहेत. पाळीत काम करणाऱ्यांसाठी तिथे उशिरापर्यंत चालणारी विक्री केंद्रं होती. आज त्यांत पेयं, चिप्स, सिगारेट, दूध, कधी कांदे-बटाटे मिळतात. रविवारी पुष्कळशा उघड्या दिसतात, पण कायद्याने त्यांना या दिवशी सगळं विकता येत नाही, त्यामुळे कुठली उघडी असेल याचा भरवसा धरू नये. दरही सुपरमार्केटपेक्षा चढे.

औषध लागलं तर जवळच्या औषधदुकानाच्या दारावर लाल 'ए' या अक्षराखाली त्या दिवशी पाळीवर असलेल्या दुकानांची यादी लावलेली असते. पाळीवरच्या दुकानात दार उघडत नाही, छोट्या खिडकीतून औषध देतात आणि रात्री किंवा रविवारी २.५० युरो जादा घेतात.

बर्लिनचा रविवार खरा रस्त्यावर आणि मैदानात पाहावा. माउअरपार्कचा जुना बाजार सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत भरतो. भाव करायला हरकत नाही, पण शांतपणे, वस्तू हातात घेऊन आणि आकडा सांगून. विजेची वस्तू घ्यायची तर विक्रेत्याला आधी लावून दाखवायला सांगा. वस्तू चालू आहे हे फक्त तोंडी कळत असेल तर ती बंद आहे असं समजून किंमत ठरवा. सायकल इथून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. शहरात चोरीच्या सायकलींचा सुळसुळाट आहे, आणि सांगाड्याच्या क्रमांकासह लिहिलेला विक्री-कागद मिळत नसेल तर ती चोरीची नाही हे सिद्ध करायला हातात काहीच नसतं.

नॉयक्योल्नहून चालत जाण्यासारखं ठिकाण म्हणजे टेम्पेलहोफचं मैदान. २००८ मध्ये बंद झालेला विमानतळ २०१० पासून लोकांसाठी खुला आहे, आणि २०१४ च्या सार्वमतात बर्लिनकरांनी तिथे इमारती नकोत असा कौल दिला. धावपट्टीवर सायकली, पतंग, चाकांच्या फळ्या. शेगडी पेटवायची तर फक्त आखून दिलेल्या भागात. सूर्यास्ताला फाटकं बंद होतात, म्हणून शेवटच्या अर्ध्या तासात जवळचं फाटक कुठलं हे बघून ठेवा. मैदान अफाट आहे.

चालताना लाल-करड्या फरशीच्या पट्ट्यावर उभं राहू नका, तो सायकलींचा आहे आणि त्या वेगात येतात. नवीन माणसाच्या हातून सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच. सिग्नलवर टोपीवाला हिरवा माणूस दिसेपर्यंत थांबा, रस्ता रिकामा असला तरी. तो माणूस कार्ल पेग्लाऊ यांनी १९६१ मध्ये पूर्व बर्लिनसाठी आखला, आणि एकीकरणानंतर तो पश्चिमेच्या चौकांतही पोचला. लाल असताना ओलांडल्यास पाच युरो दंड आहे, पण दंडापेक्षा शेजारी लहान मूल उभं असेल तर लोक खरोखर रागावतात. आणि दारासमोरच्या फरशीत हाताच्या तळव्याएवढी पितळी चौकोनी पट्टी दिसली तर वाकून वाचा. त्या घरातून नाझींनी नेलेल्या माणसाचं नाव, जन्मवर्ष आणि पुढे काय झालं ते तीन-चार ओळींत असतं. गुंटर डेमनिग यांनी सुरू केलेलं हे काम बर्लिनमध्ये १९९६ ला क्रॉइझबर्गच्या रस्त्यावर आलं. दुकानात जाता-येता अशा पट्ट्या पायाखाली येत राहतात, आणि ज्या रस्त्यावर आपण भाजी घेतो तिथे कोण राहत होतं ते कळतं.

सोमवार

आज सुपरमार्केट नीट वाचायचं. कप्प्यावरच्या पट्टीत मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा दर असतो. तुलना करायची ती त्या आकड्याची. किंमतीत कर धरलेला असतो, बहुतेक अन्नावर ७ टक्के, इतर बऱ्याच वस्तूंवर १९. ठळक लाल दराखाली ॲपचं चिन्ह असेल तर तो दर फक्त ॲप दाखवणाऱ्याला मिळतो.

दूध दोन ठिकाणी असतं. फ्रिजमधलं ताजं, आणि बाहेर कप्प्यावर 'हा-मिल्श', जे उच्च तापमानावर तापवलेलं असून बंद खोक्यात महिनोन्महिने टिकतं. चहाला दोन्ही चालतात, विरजणाला ३.५ टक्के स्निग्धांशाचं ताजं बरं. साय जाड येत नाही, कारण दूध एकजीव केलेलं असतं. अंडी फ्रिजबाहेरच ठेवलेली असतात, त्यात काही गैर नाही. अंड्यावर छापलेल्या संकेतांकाचा पहिला आकडा पाहा: ० म्हणजे सेंद्रिय, १ मोकळ्या अंगणातली कोंबडी, २ बंद शेडमध्ये जमिनीवर, ३ पिंजऱ्यातली. त्यानंतरचं 'डीई' म्हणजे जर्मनी.

तुपाच्या जागी 'बुटरश्माल्त्स' घ्या. हे कढवलेलं लोणीच. पण नुसतं 'श्माल्त्स' लिहिलेला डबा डुकराच्या किंवा हंसाच्या चरबीचा असतो, आणि दोन्ही डबे अनेकदा शेजारी-शेजारी असतात. शाकाहारी माणसाने चीजवर 'लाब' हा शब्द बघावा. 'टिरिशेस लाब' म्हणजे प्राण्याच्या जठरातलं किण्वक, 'मिक्रोबिएल' म्हणजे सूक्ष्मजीवांपासूनचं. गोळ्या-चॉकलेटांत आणि काही गोड दह्यांत 'गेलाटीने' असतं. पिवळ्या गोलातलं 'व्ही' आणि पान असलेलं चिन्ह दिसलं की वाचायचं काम संपतं.

पिठावर अंक असतो. १०० ग्रॅम कोरडं पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचे मिलिग्रॅम म्हणजे तो अंक, म्हणजे अंक जितका मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ हा आपला मैदा, ५५० त्याहून जरा भारदस्त, १०५० गडद. 'फोलकोर्न' म्हणजे संपूर्ण गहू, त्याला अंक नसतो. एकट्या फोलकोर्नच्या पोळ्या फाटतात, कारण कोंड्याचे तुकडे मोठे राहतात. निम्मं फोलकोर्न, निम्मं ५५० आणि भिजवून अर्धा तास मुरवलं की लाटता येतं. उपम्याला 'वाइखवाइत्सनग्रीस' बारीक रव्यासारखा होतो.

तारखेचे दोन प्रकार आहेत. 'मिंडेस्टन्स हाल्टबार बिस' ही उत्तम दर्जाची हमी असलेली तारीख, त्यानंतरही वास-चव बघून खाता येतं. 'त्सू फरब्राउखन बिस' ही मात्र शेवटची, ती ओलांडायची नाही, खिम्यासारख्या नाशवंत मालावर असते. तारीख जवळ आलेल्या वस्तूंवर ३० टक्के कमीचं स्टिकर लागतं. आज रात्री लागणाऱ्या गोष्टी तिथूनच घ्याव्यात.

आता बाटल्या, कारण या शहरातली निम्मी घडामोड त्यांच्याभोवती फिरते. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या प्लास्टिक बाटलीवर आणि डब्यावर २५ सेंट 'प्फांड', म्हणजे अनामत. एकदाच वापरायच्या बाटल्यांवर ती २००३ पासून लागू आहे, २०२२ मध्ये प्लास्टिकमधले रस त्यात आले आणि २०२४ मध्ये प्लास्टिक बाटलीतलं दूधही. परत भरायच्या काचेच्या बाटल्यांचा हिशेब वेगळा: बिअरची साधी बाटली ८ सेंट, तारेच्या खटक्याची १५, काचेची पाण्याची बाटली आणि काचेच्या बरणीतलं दही बहुधा १५. वीस बिअर बाटल्यांचं भरलेलं खोकं असेल तर खोक्याचे १.५० आणि बाटल्यांचे १.६०, मिळून ३.१०. कप्प्यावरच्या दरात ही रक्कम धरलेली नसते, खाली बारीक लिहिलेली असते, म्हणून पाण्याच्या सहा बाटल्यांचा गठ्ठा गल्ल्यावर दीड युरोने वाढलेला वाटतो. वाइनची बाटली, जॅमची बरणी आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातलं दूध-रस यांना अनामत नाही.

परत करायचं यंत्र दुकानाच्या दाराजवळ किंवा मागच्या टोकाला असतं. गोल भोकात बाटली बुडाकडून आत टाकायची. आत ती पट्ट्यावर फिरते, कॅमेरा बारकोड आणि बाटली-डब्याचं वळणदार बाणाचं चिन्ह शोधतो, पडद्यावर रक्कम वाढते. एका वेळी एकच, आणि मागची आत गेल्याशिवाय दुसरी ढकलायची नाही. बाटली परत बाहेर आली तर कारणं साधारण हीच: लेबल फाटलं किंवा भिजून सुटलं, डबा चेपला, बाटली दुसऱ्या देशातून आणलेली, किंवा काचेची ती जात या दुकानात विकलीच जात नाही. शेवटचं कारण सर्वांत जास्त वेळा आडवं येतं. एकदाच वापरायचं प्लास्टिक मोठ्या दुकानाला कुठल्याही ब्रँडचं घ्यावं लागतं, परत भरायची काच मात्र फक्त स्वतः विकत असलेल्या प्रकारची. म्हणून काच जिथून घेतली तिथेच न्या. प्लास्टिक बाटली पिशवीत चेपून आणायची सवय इथे नुकसानीची आहे. शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी येते. ती गल्ल्यावर पैसे देण्यापूर्वी द्यायची, बिलातून वजा होते, आणि काहीच घ्यायचं नसेल तरी रोख मिळते. चिठ्ठीवरची शाई उडते, त्याच दिवशी वटवा.

रस्त्यात पिऊन संपलेली बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, शेजारी उभी ठेवा. बाटल्या गोळा करून गुजराण करणारी माणसं ती उचलतात, त्यांना डब्यात हात घालावा लागत नाही.

मंगळवार

मायबाखउफरचा बाजार मंगळवारी आणि शुक्रवारी, अकरा ते साडेसहा. यू-८ च्या शोनलाइनश्ट्रासे स्टेशनला उतरलं की कोटबुसर डामवरून दोन मिनिटांत लांडवेअर कालव्याचा काठ. एका बाजूला पाणी, मध्ये चालायची वाट, दोन्हीकडे मांडण्या. शहराच्या तुर्की वस्तीने वाढवलेला हा बाजार भाजीपाल्यासाठी बर्लिनमधला मला सर्वांत आवडणारा.

सकाळी अकरा-साडेअकराला माल पूर्ण आणि गर्दी कमी. चारनंतर वाट भरते, ढकलगाडीतलं मूल घेऊन तेव्हा जाऊ नये. साडेपाचनंतर विक्रेते ओरडू लागतात, 'आइन ऑयरो, आइन ऑयरो', आणि टोपल्यांचे भाव कोसळतात. तो माल आज-उद्यात संपवायचा. एका युरोला पाच आंबे मिळाले तर त्यातले दोन उद्या मऊ पडणार हे धरून घ्यावं. स्ट्रॉबेरीची टोपली घेताना ती उचलून तळ बघा, ओला डाग दिसला तर खालचा थर गेलेला आहे.

पहिली फेरी नुसती भाव बघत शेवटपर्यंत, खरेदी परत येताना. पाटीवरचं एकक वाचा: 'श्ट्युक' म्हणजे नगाचा भाव, 'बुंट' जुडीचा, 'शाले' टोपलीचा, 'केजी' किलोचा. अवोकाडोचा नगाचा भाव आणि शेजारच्या टोमॅटोचा किलोचा भाव सारख्याच आकाराच्या अक्षरांत असतो. 'फुंट' म्हणजे अर्धा किलो, त्यामुळे 'आइन फुंट तोमाटेन, बिटे' म्हटलं की ५०० ग्रॅम मिळतात. माल स्वतः दाबून बघू नये, बोटाने दाखवावं. भाजीवर भाव करत नाहीत. दिवस संपताना मात्र दोन टोपल्या घेतल्या तर विक्रेता आपणहून तिसरी पुढे करतो.

हिरव्या जुड्यांपाशी थांबा. चपट्या पानाची पार्सली आणि कोथिंबीर लांबून सारखीच दिसते, आणि इथे पार्सली जास्त विकली जाते. पान चुरगळून वास घेणं हाच खरा उपाय. पाटी असेल तर 'पेटरजीली' सोडायची, 'कोरिआंडर' घ्यायची, तुर्की विक्रेता 'किश्निश' म्हणेल. लांब फिकट हिरव्या मिरच्या तुर्की 'सिवरी' जातीच्या, बहुतेक गोडसर, भाजून खायला छान पण फोडणीला उपयोग नाही. तिखट हवी तर बारीक, गडद मिरची मागा. भेंडी छोटी आणि कोवळी मिळते. चीज आणि ऑलिव्हच्या मांडणीवर चव देतात. तिथे भाव १०० ग्रॅमचा असतो, तो आकडा किलोचा समजून मागितलं तर बिल दहापट येतं. तुकडा काट्यावर जरा जड भरला तर विक्रेता विचारतो, 'थोडं जास्त चालेल?' नको असेल तर सरळ नाही म्हणा, तो कापून कमी करतो, वाईट वाटून घेत नाही.

सुटी नाणी आणि पाच-दहाच्या नोटा हव्यातच, पन्नासची नोट सकाळी कोणी घेत नाही. पाठीवरची सॅक पुढे घ्या. दोन पिशव्या ठेवा, एक टणक मालाची, एक मऊ मालाची. भूक लागली तर तव्यावर लाटून भाजलेली पालक-चीजची 'गोझलेमे' घ्या. पोळी समोर लाटतात ती मांडणी निवडा, आधी भाजून रचून ठेवलेली चामट लागते.

बुधवार

औषधं आणि धुलाईचा दिवस. 'डीएम' आणि 'रॉसमान' या दुकानांत साबण, शाम्पू, डायपर, सेंद्रिय पीठ-डाळीसुद्धा मिळतात, पण तापाची गोळी मिळत नाही. पॅरासिटामोल फक्त औषधदुकानात, चिठ्ठीशिवाय ५०० मिलिग्रॅमच्या २० गोळ्यांपर्यंतचं पाकीट. भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी इथे चालत नाही, नेहमीची औषधं पूर्ण मुक्कामाची सोबत आणा. डॉक्टर गाठायचा असेल तर सकाळीच, बुधवारी दुपारी बरेच दवाखाने बंद असतात.

धुलाईच्या दुकानात यंत्रावर नाणी टाकायची जागा नसते. कपडे भरा, दार खटकन बंद करा, पावडर घाला, यंत्राचा क्रमांक लक्षात ठेवून भिंतीवरच्या एकाच पेटीपाशी जा, पैसे घाला आणि तो क्रमांक दाबा. दार नीट लागलं नसेल तर पैसे जातात आणि यंत्र सुरू होत नाही. बर्लिनचं पाणी जड आहे, म्हणून पावडरच्या खोक्यावर मात्रेच्या तक्त्यात 'हार्ट' हा रकाना पाहायचा. याच पाण्यामुळे किटलीत पांढरा थर साचतो आणि चहावर तवंग येतो. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं उकळून थर निघतो. रंगीत कपड्यांना 'कलर', पांढऱ्यांना 'फोल' लिहिलेली पावडर, दुसरीत विरंजक असतं.

गुरुवार

क्रॉइझबर्गमधली 'मार्कटहाले नॉइन' बघायला गुरुवारची संध्याकाळ चांगली, पाच ते दहा खाण्याच्या गाड्या लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शहराने उघड्यावरचे बाजार छपराखाली आणायला चौदा बाजारगृहं बांधली आणि त्यांना क्रमांक दिले. ही नववी, १८९१ ची. बिडाचे खांब आणि उंच छत अजून तसंच आहे. रोजच्या खरेदीला ती महाग पडते. ब्रेड मात्र इथे किंवा कुठल्याही चांगल्या बेकरीत घ्यावा. राय धान्याचा आंबवलेला मोठा पाव अर्धा मागता येतो, 'आइन हाल्बेस', आणि कापून हवा असेल तर 'गेश्निटन'. न कापता घेतलेला कागदी पिशवीत चार-पाच दिवस राहतो. प्लास्टिकमध्ये ठेवला तर दोन दिवसांत बुरशी धरतो.

शुक्रवार

सोनेनआले हा लांब रस्ता अरबी दुकानांचा. डाळी, हरभरे, बेसन, सुके मसाले, खजूर आणि पाच-दहा किलोच्या तांदळाच्या पिशव्या इथे सुपरमार्केटपेक्षा स्वस्त आणि ताज्या, कारण खप मोठा आहे. जिरं सुटं घेताना मुठीत चोळून वास घ्या. काजू-पिस्ते भाजणाऱ्या दुकानात गरम माल मागा, ते आनंदाने देतात. रस्त्यावर गाड्या दुहेरी लावलेल्या असतात आणि एम-४१ बस त्यात अडकते. हेरमानप्लाट्झपासून दोन-तीन थांब्यांचं अंतर चालणं जास्त लवकर होतं.

बाजूच्या गल्ल्यांत घरांच्या दारापाशी 'त्सू फरशेंकन' लिहिलेली खोकी दिसतील. पुस्तकं, कप, लहान मुलांचे कपडे, ज्याला हवं त्याने न्यावं. मुक्कामापुरती कढई किंवा पातेलं अशा खोक्यात हमखास भेटतं. गादी आणि सोफा मात्र उचलू नका, ढेकूण असू शकतात.

रविवारची तयारी आज करावी, शनिवारची गर्दी टळते. कॅलेंडरही बघा. गुड फ्रायडे, ईस्टरचा सोमवार, १ मे, ३ ऑक्टोबर, २५ आणि २६ डिसेंबरला सगळं रविवारसारखंच बंद. ८ मार्च, महिला दिन, २०१९ पासून बर्लिनमध्ये सुट्टी आहे. सुट्टी सोमवारी आली तर सलग दोन दिवस कुलूप, आणि आदल्या शनिवारी दुकानात ट्रॉली मिळत नाही.

शनिवार, परतीचा

घर सोडताना कचरा इमारतीच्या आतल्या चौकातल्या डब्यांत वेगळा करून टाका: निळा कागदाचा, तपकिरी भाजीपाल्याच्या सालींचा, पिवळा-केशरी प्लास्टिक, डबे आणि धातूचा, उरलेलं काळ्या डब्यात. पिझ्झाचं तेलकट खोकं कागदात जात नाही. साली प्लास्टिक पिशवीसकट तपकिरी डब्यात टाकू नका, वर्तमानपत्रात गुंडाळून टाका. अनामत नसलेली काच दोन डब्यांत, पांढरी वेगळी आणि रंगीत वेगळी. निळी बाटली रंगीतमध्ये. झाकणं काढून पिवळ्यात टाकायची.

अनामतीच्या बाटल्या सकाळी नऊच्या आत परत करा. दुपारी यंत्रापाशी पार्टीच्या तयारीतली गाठोडी घेऊन रांग लागते आणि यंत्र भरून थांबलं की कर्मचारी येईपर्यंत खोळंबा. विमानतळाला जाताना पुन्हा 'एबीसी'चं तिकीट. आठवडाभराचं 'एबी' तिकीट खिशात असेल तर नवं काढू नका, यंत्रावर 'आनश्लुस' हे पुरवणी तिकीट मिळतं, फक्त 'सी' विभागापुरतं आणि बरंच स्वस्त. त्यावरही शिक्का लागतो.